ताई महाराज, टिळक आणि डनफर्मलिनच्या पाववाल्याचा मुलगा

शनवारकर

आमच्या घरी ताई महाराज प्रकरण जेवताना निघायचं. आजोबा वरणभातावर तूप वाढून घेता घेता सांगायचे, "चौदा वर्षं लढला, मंडालेला जाऊन आला, आणि शेवटी विलायतेत जिंकला." कुणी जिंकवलं, असं विचारलं की "प्रिव्ही कौन्सिल" एवढंच उत्तर, म्हणजे हिंदुस्थानातली शेवटची अपिलं ऐकणारं लंडनचं कोर्ट. परवा दुसऱ्याच कामासाठी जुने निकाल चाळत होतो, तर 'बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित' समोर आला, मार्च १९१५ चा. निकाल देणाऱ्याचं नाव लॉर्ड शॉ.

मला वाटलं, असेल कुणी पिढीजात उमराव, शिकारीतून वेळ काढून आमचं दत्तकविधान ठरवणारा. शोधत गेलो तर माणूस भलताच निघाला. थॉमस शॉ, जन्म १८५०, गाव स्कॉटलंडमधलं डनफर्मलिन, वडील बेकर. म्हणजे चक्क पाववाल्याचा मुलगा.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये पटकीने गेले. जाताना मृत्युपत्र केलं आणि ट्रस्टींमध्ये टिळकांचं नाव घातलं. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर होते, हेही लक्षात घ्या. मागे राहिलेल्या ताई महाराजांना मुलगा झाला, तो दोनेक महिन्यांत गेला. मग दत्तक घेणं आलं. जून १९०१ मध्ये टिळक, दादासाहेब खापर्डे वगैरे मंडळी ताई महाराजांना घेऊन औरंगाबादला गेली आणि तिथे जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. पुण्यात परतल्यावर बाईंचं मन फिरलं (किंवा फिरवलं गेलं, ज्याने त्याने आपापलं ठरवावं) आणि ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरकरांच्या पाठिंब्याने बाळा महाराजांना दत्तक घेतलं. औरंगाबादला काही झालंच नाही, असं त्यांचं म्हणणं. यातून टिळकांवर खोटी साक्ष, बनावट दस्त असले फौजदारी आरोप लागले, १९०३ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि मार्च १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टाने निर्दोष सोडलं. दिवाणी दावा वेगळाच चालू होता. पुण्यात १९०६ मध्ये टिळक जिंकले, १९१० मध्ये मुंबई हायकोर्टाने तो निकाल फिरवला. तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात. हायकोर्टाचं म्हणणं, औरंगाबादचं दत्तकविधान झालंच नाही, टिळकांनी आणि त्यांच्या लोकांनी संगनमताने रचलेली ती गोष्ट आहे.

शॉने हे उलटवलं. त्याचा मुद्दा मला फार आवडला. तो म्हणतो, इतक्या प्रतिष्ठित माणसांवर तुम्ही कटाचा आणि खोट्या साक्षीचा ठपका ठेवता, पण ते साक्षीला उभे असताना हा आरोप त्यांच्या तोंडावर कुणी केला? उत्तर द्यायची संधी दिली? जुन्या खटल्यांतले जबाबांचे गठ्ठेच्या गठ्ठे पुराव्यात ढकलले आणि त्यातल्या विसंगतीवरून माणसाला खोटा ठरवलं. हे चालणार नाही.

आता या माणसाची वाटचाल. एडिंबरा विद्यापीठातून कायदा शिकून १८७५ मध्ये ॲडव्होकेट. १८९२ मध्ये लिबरल पक्षातर्फे हॉइक बरोज मतदारसंघातून खासदार, आणि १९०९ पर्यंत तिथूनच. १८९४ मध्ये वर्षभर स्कॉटलंडचा सॉलिसिटर जनरल. बोअर युद्धाला पक्षातल्या ज्या गटाचा कडाडून विरोध होता, त्यात हा होता. डिसेंबर १९०५ मध्ये लिबरल सत्तेवर आले आणि शॉ लॉर्ड ॲडव्होकेट झाला. हे पद म्हणजे सरकारचा मुख्य कायदा सल्लागार, फौजदारी खटले चालवणाऱ्या खात्याचा प्रमुख आणि वर संसदेत स्कॉटलंडच्या वतीने बोलणारा, असं सगळं एकात. १९०९ मध्ये लॉर्ड रॉबर्टसन वारले, जागा रिकामी झाली आणि शॉ तिथून थेट हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये न्यायाधीश (हेच न्यायाधीश प्रिव्ही कौन्सिलमध्येही बसत). मधे एक दिवसही कोर्ट ऑफ सेशनमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी कोर्टात, न्यायाधीश म्हणून बसलेला नाही! कालचा मंत्री आज साम्राज्याच्या शेवटच्या कोर्टात. आजच्या डोळ्यांनी हे कसंसंच वाटतं. तेव्हा मात्र लॉर्ड ॲडव्होकेटला मोठी जागा मिळणं हा जवळजवळ हक्क समजत.

वीस वर्षं बसला, १९२९ मध्ये निवृत्त झाला, १९३७ मध्ये वारला. शैली फुलोऱ्याची. निकाल वाचताना मतदारसंघातली सभा डोळ्यासमोर येते. पण 'माणसाचं ऐकल्याशिवाय त्याला गाडू नका' ही एक गोष्ट त्याच्या निकालांत परत परत सापडते, म्हणून हा धागा काढला. जाणकारांनी भर घालावी.

---

गोदाकाठ

वाचनखूण साठवली. शाळेत ताई महाराज प्रकरण 'टिळकांवर आलेलं बालंट' या एका ओळीत संपलं होतं.

एक बाळबोध शंका. शॉ पाववाल्याचा मुलगा, तर 'लॉर्ड' कसा? आणि स्कॉटलंडच्या बातम्यांत तर प्रत्येक न्यायाधीश लॉर्ड अमुक, लेडी तमुक असतो. एवढे उमराव आले कुठून?

---

शनवारकर

बाळबोध अजिबात नाही, माझाही यात दोन दिवस गोंधळ होता. शॉच्या काळात तिथे तीन तऱ्हेचे लॉर्ड होते.

पहिला, कोर्ट ऑफ सेशनचा न्यायाधीश. त्याला लॉर्ड म्हणायचं ते नुसतं मानाने. संसदेत बसायचा हक्क नाही, मुलाला काही मिळत नाही. आपल्याकडच्या 'रावसाहेब'सारखं समजा. दुसरा, १८७६ च्या कायद्याने हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये अपिलं ऐकायला नेमलेला. तो खराखुरा लॉर्ड, पण हयातीपुरता. शॉ १९०९ मध्ये असा 'लॉर्ड शॉ ऑफ डनफर्मलिन' झाला. तिसरा वंशपरंपरेचा. निवृत्तीच्या वेळी, १९२९ मध्ये, शॉला हेही मिळालं आणि तो 'लॉर्ड क्रेगमाइल' झाला. त्यामुळे पुस्तकात क्रेगमाइल दिसला तर दुसरा कुणी समजू नका. मी समजलो होतो.

---

साताऱ्याचा_वकील

धागाकर्त्याचे आभार. हा निकाल आम्ही रोज वापरतो आणि टिळकांचा आहे हे अर्ध्या वकिलांना माहीत नसतं. 'एआयआर १९१५ प्रिव्ही कौन्सिल ७' एवढंच तोंडपाठ.

बिगरवकील मंडळींसाठी सांगतो. तालुका कोर्टात उलटतपास बघितला असेल तर शेवटची पाच मिनिटं आठवा. वकील एका सुरात विचारत जातो आणि साक्षीदार मान हलवत जातो. टंकलेखक उतरवतो, "हे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी तेथे हजर नव्हतो. हे म्हणणे खरे नाही की, मी वादीच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे." नव्या माणसाला हा निव्वळ पोरखेळ वाटतो. साक्षीदार 'हो, खोटं बोलतोय' म्हणणार आहे थोडाच? पण त्या ओळी नसतील तर युक्तिवादाच्या वेळी समोरचा वकील उठतो, "साहेब, हे साक्षीदाराला विचारलंच नाही," आणि तुमचा मुद्दा गेला. ती पाच मिनिटं म्हणजे शॉचं १९१५ चं म्हणणं.

जबाबाच्या गठ्ठ्यांबद्दल जे लिहिलंय ते पुरावा कायद्याचं कलम १४५. साक्षीदाराचं आधीचं लेखी म्हणणं त्याच्याविरुद्ध वापरायचं असेल तर नेमका तो भाग त्याला दाखवा, वाचून दाखवा, मग विचारा. नव्या साक्ष अधिनियमात त्याचं कलम १४८ झालं. माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच वर्षी दम दिला होता, "बाळ, कागद निशाणीला लागला म्हणजे सिद्ध झाला नाही." तेव्हा त्यांनी टिळकांचं नाव घेतलं असतं तर जास्त लक्षात राहिलं असतं.

---

फाइफची_काकू

अरे वा, आमच्या गावाकडचा माणूस इथे! डनफर्मलिन आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं.

गाव समजलं तर माणूस समजेल म्हणून लिहिते. हे गाव विणकरांचं, उंची लिननच्या कापडाचं. नक्षीदार टेबलक्लॉथ जगभर जायचे. इथल्याच मूडी स्ट्रीटवरच्या विणकराच्या झोपडीवजा घरात अँड्र्यू कार्नेगी जन्मला. तो पोरगेला असताना अमेरिकेला गेला आणि पोलादाचा राजा झाला. शॉ त्याच गावचा, पंधरा वर्षांनी लहान. दोघांचा संबंध नुसता गावकीचा नव्हता. १८९७ मध्ये शॉने एका मासिकात लेख लिहिला की स्कॉटलंडमध्ये गरिबाच्या मुलाला विद्यापीठाची फी परवडत नाही, काहीतरी करायला हवं. कार्नेगीने तो मनावर घेतला आणि १९०१ मध्ये स्कॉटिश विद्यापीठांसाठी २० लाख पौंडांचा ट्रस्ट केला. शॉच्या निकालांपेक्षा हे काम मोठं, असं माझं प्रामाणिक मत. कितीतरी पोरं शिकली.

दुसरं, एडिंबऱ्याला आलात तर सेंट जाइल्स चर्चच्या मागे पार्लमेंट हॉल आहे, तो चुकवू नका. १७०७ पूर्वी स्कॉटलंडची संसद तिथे भरायची, आता कोर्टाचा भाग. आत जायला मिळतं, सुरक्षातपासणी तेवढी होते. सोळाशे तिसाच्या दशकातलं ओकचं छत आहे, एक खिळा दिसत नाही. दक्षिणेला मोठी रंगीत काचेची खिडकी, त्यात १५३२ मध्ये कोर्ट ऑफ सेशन स्थापन झाल्याचं चित्र. आणि खाली गंमत. काळे झगे घातलेले वकील दोघादोघांच्या जोड्या करून या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं शतपावली चाललीय. मग कळलं, अशिलाच्या गोष्टी आहेत, एका जागी उभं राहून बोललं तर शेजारच्याला ऐकू जाईल, म्हणून चालत बोलायचं. कुणी जवळ आलं की आवाज आपोआप खाली. शॉनेही १८७५ नंतर तिथेच फरशी झिजवली.

डनफर्मलिनमध्ये मात्र कार्नेगीच कार्नेगी. बाग त्याची, वाचनालय त्याचं. शॉचं नाव मी ओळखीच्या चार जणांना विचारलं, चौघांनी खांदे उडवले.

---

लालबावटा

सगळं गोडगोड चाललंय म्हणून मीठ टाकतो. तुमच्या शॉसाहेबांनी लॉर्ड झाल्या झाल्या पहिल्याच वर्षी काय केलं? डिसेंबर १९०९, ऑस्बोर्न खटला.

वॉल्टर ऑस्बोर्न हा रेल्वेतला हमाल, युनियनच्या शाखेचा सेक्रेटरी, पण मनाने लिबरल. युनियन वर्गणीतून मजूर पक्षाच्या खासदारांना पैसे द्यायची, त्याला त्याची हरकत. तेव्हा खासदारांना पगार नव्हता. जमीनदार आणि गिरणीवाले घरच्या भाकऱ्या खाऊन संसदेत बसायचे, कामगाराने बसायचं तर युनियननेच पोसायला हवं. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो झराच बंद केला. आणि शॉने वर तत्त्वज्ञान सांगितलं की खासदाराला पैसे देऊन पक्षाच्या आदेशाला बांधून घेणं राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, त्याने स्वतःच्या बुद्धीने मत द्यायला हवं. सांगतंय कोण? जो स्वतः सतरा वर्षं लिबरल पक्षाच्या बाकावर बसला आणि शेवटी त्याच पक्षाच्या सरकारने ज्याला न्यायाधीश केलं!

त्या निकालानंतर १९११ मध्ये खासदारांना वर्षाला ४०० पौंड सुरू करावे लागले आणि १९१३ मध्ये कायदा करून युनियनला राजकीय निधीची वाट परत मोकळी करून द्यावी लागली. म्हणजे निकाल किती लोकविरोधी होता ते बघा.

---

गोदाकाठ

@लालबावटा, खासदाराने पक्षादेश झुगारून स्वतःच्या बुद्धीने मत द्यावं? महाराष्ट्रात हे वाक्य मोठ्याने वाचू नका, लोक बॅगा भरून सुरतेला निघतील. (ह.घ्या.)

---

साताऱ्याचा_वकील

गोदाकाठ, गंमत नाही, खरंच झालंय. पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट सुप्रीम कोर्टात आव्हानाखाली आलं, ते १९९२ चं किहोतो होलोहान प्रकरण. तिथे आव्हान देणाऱ्यांच्या वकिलांनी ऑस्बोर्नमधली शॉचीच वाक्यं वाचून दाखवली होती, की आमदार-खासदाराच्या सद्सद्विवेकावर दंड लावणं चुकीचं. कोर्टाने ते मान्य केलं नाही आणि कायदा मुख्यतः टिकला.

राजकारण इथेच थांबवू या, नाहीतर संपादक धाग्याला कुलूप घालतील.

---

शनवारकर

लालबावटा, ऑस्बोर्नचा मुद्दा मान्य. मी तो सोयीस्करपणे गाळला असं कुणी म्हटलं तर नाही म्हणणार नाही. पण तुमच्याच बाजूची अर्धी गोष्ट तुम्ही सोडलीत. १९२० चं गोदी कामगारांचं काय? तुम्हीच लिहा, तुम्हाला जास्त शोभेल.

---

लालबावटा

लिहितो, लिहितो. चहा घेऊन येत होतो.

पहिलं महायुद्ध संपलं, महागाई भडकली. ब्रिटनच्या गोदी कामगारांची मागणी होती रोज १६ शिलिंग, देशभर एकच दर. मालक तयार नाहीत. १९१९ चा नवा औद्योगिक न्यायालय कायदा आला होता, त्याखाली चौकशी समिती नेमली आणि अध्यक्ष म्हणून शॉ. सुनावणी लंडनच्या मुख्य कोर्टाच्या इमारतीत, उघड्यावर, पत्रकारांसमोर. मालकांतर्फे नामांकित बॅरिस्टर लिंडन मॅकॅसी. कामगारांतर्फे अर्नेस्ट बेव्हिन, ज्याची शाळा अकराव्या वर्षी सुटली होती आणि जो ब्रिस्टलला गाडी हाकायचा. बेव्हिन नुसत्या सुरुवातीच्या भाषणात अकरा तास बोलला.

खरी मजा पुढे. मालकांनी केंब्रिजमध्ये शिकलेले संख्याशास्त्रज्ञ प्राध्यापक बाउली यांना साक्षीला आणलं. त्यांनी आकडेमोड करून दाखवलं की इतक्या इतक्या शिलिंगांत कामगाराच्या पाच जणांच्या कुटुंबाचं नीट भागतं. बेव्हिन संध्याकाळी आपल्या सेक्रेटरीला घेऊन कॅनिंग टाउनच्या बाजारात गेला, प्राध्यापकांच्या हिशेबात बसेल तेवढंच सामान विकत घेतलं, शिजवलं आणि दुसऱ्या दिवशी बश्यांत वाढून कोर्टात मांडलं. पाच बश्या. प्रत्येकीत जरासं मांस, जरासा कोबी, एखादा बटाटा. मग विचारलं, दिवसभर पाठीवर गव्हाची पोती वाहणाऱ्या माणसाला हे पुरेल का? प्राध्यापक बाउली काय बोलणार. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बश्याच बश्या. बेव्हिनला तेव्हापासून 'गोदी कामगारांचा बॅरिस्टर' म्हणायला लागले.

आता ऐका, हे कुणी सांगत नाही. शॉच्या मुलाचं लग्न लॉर्ड इंचकेपच्या मुलीशी झालं होतं. इंचकेप म्हणजे पी अँड ओ या सगळ्यात बलाढ्य आगबोट कंपनीचा अध्यक्ष. आपले बॅरिस्टर व्हायला निघालेले लोक मुंबईच्या बंदरातून ज्यांच्या बोटींत चढायचे तीच कंपनी. म्हणजे व्याही जहाजमालक आणि हे साहेब गोदीच्या मजुरीची चौकशी करणार! मी तिथे असतो तर पहिल्याच दिवशी हरकत घेतली असती.

आणि तरी अहवालात बहुमताने काय आलं? सोळा शिलिंग, ४४ तासांचा आठवडा, आणि रोज सकाळी फाटकावर गर्दी करून 'आज तू, आज तू नाही' अशी माणसं उचलण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे. लेखणी शॉचीच. नाइलाजाने टोपी काढतो. अर्धीच.

---

फाइफची_काकू

बश्या! आमच्या स्वयंपाकघरातल्या ताटलीकडे बघून हसू आलं. त्याने कोबी शिजवून मांडला म्हणून लोकांना कळलं. कच्चा आणला असता तर ढीग मोठा दिसला असता. हे बाईमाणसालाच सुचेल, म्हणजे डोकं सेक्रेटरीचं असणार. (माझा अंदाज हो, पुरावा मागू नका.)

---

निवृत्त_वार्ताहर

उशिरा आलो. पंचवीस वर्षं कोर्टाची बातमीदारी केली, त्यामुळे शॉचं नाव मला दुसऱ्याच कारणाने माहीत. १९१३ चा स्कॉट विरुद्ध स्कॉट.

एका बाईने विवाह रद्द करण्याचा दावा लावला, कारण नवऱ्याचं नपुंसकत्व. सुनावणी बंद दाराआड झाली. निकाल बाईच्या बाजूने लागला. मग नवऱ्याकडची माणसं तिच्याबद्दल काहीबाही बोलू लागली, तेव्हा तिने सुनावणीच्या नोंदींच्या प्रती काढून सासऱ्याला आणि नणंदेला पाठवल्या, की वाचा, खरं काय ते. त्याबद्दल तिला आणि तिच्या वकिलाला कोर्टाच्या अवमानाचे दोषी ठरवलं. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते रद्द केलं. पाचही न्यायाधीश बाईच्या बाजूने, पण शॉचं मत सगळ्यात तिखट. त्याने बेंथॅम या इंग्रज विचारवंताचा आधार घेतला. सारांश असा की गुप्ततेच्या अंधारात सगळे दुष्ट हेतू मोकाट सुटतात, आणि उघडेपणा हाच न्यायाचा प्राण आहे, कारण त्यामुळे खुद्द न्यायाधीशाचीच परीक्षा होत राहते.

मुंबईशी याचा संबंध असा. १९६४ मध्ये मुंबई हायकोर्टात 'ब्लिट्झ' साप्ताहिकावर अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. एका साक्षीदाराने विनंती केली की माझी साक्ष छापून आली तर धंद्याचं नुकसान होईल. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी तोंडी आदेश दिला, छापू नका. नरेश श्रीधर मिरजकर आणि इतर पत्रकार सुप्रीम कोर्टात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या बहुमताच्या निकालात स्कॉट विरुद्ध स्कॉट आहे, उघड्या न्यायाची थोरवीही आहे, पण शेवटी अपवाद म्हणून तारकुंडेंचा आदेश टिकला. हिदायतुल्ला एकटे विरोधात. गंमत बघा, तारकुंडे पुढे नागरी हक्कांचे मोठे कैवारी झाले आणि पत्रकारांच्या पाठ्यपुस्तकात मात्र ते या तोंडी आदेशामुळे अडकले.

आम्हाला बाकावरून उठवायला निघालेल्या एका न्यायाधीशासमोर मी एकदा स्कॉटचं नाव घेतलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" मी म्हटलं नाही. "मग बसा." बसलो. बसायलाच तर हवं होतं!

---

चिकित्सक

धागा चांगला चाललाय, पण शॉ एकटा बघू नका. त्याच्या शेजारी दुसरा स्कॉट ठेवून बघा, मग उंची कळेल. अँड्र्यू ग्रॅहम मरे, म्हणजे व्हायकाउंट डनेडिन. शॉपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. वाटचाल तीच, पण पक्ष उलटा. कॉन्झर्व्हेटिव्ह. लॉर्ड ॲडव्होकेट झाला, मग स्कॉटलंड खात्याचा मंत्री, मग १९०५ मध्ये थेट लॉर्ड प्रेसिडेंट, म्हणजे स्कॉटलंडचा सर्वोच्च न्यायाधीश. १९१३ पासून लंडनमध्ये शॉच्या शेजारी. कायदेपंडित म्हणून डनेडिन केव्हाही सरस, शॉचं नाव त्या यादीत कुणी घेत नाही.

१९१७ मध्ये दोघे एकाच खटल्यात बसले. झाडिग हा जर्मनीत जन्मलेला, पण रीतसर ब्रिटिश नागरिक झालेला माणूस. युद्धकाळातल्या नियम १४ब खाली गृहमंत्र्याने त्याला खटल्याशिवाय डांबलं. संसदेने 'सुरक्षेसाठी नियम करा' एवढंच म्हटलं होतं, त्यात माणसं डांबणं बसतं का? चौघे म्हणाले बसतं. डनेडिन त्यांत. त्याचं म्हणणं, सत्तेच्या गैरवापराचा धोका तत्त्वतः आहे, व्यवहारात नाही, आणि दोष असेलच तर तो संसदेला अमर्याद अधिकार देणाऱ्या घटनेचा. शॉ एकटा विरोधात. हे जर चालत असेल तर खटल्याशिवाय फाशी देणंही त्याच शब्दांत बसेल, मग थांबणार कुठे, असा त्याचा सवाल. स्टार चेंबर (इंग्लंडच्या राजांचं जुनं मनमानी कोर्ट) काढलं, फ्रेंच राज्यक्रांतीतली समिती काढली. भाषणबाजी म्हणा हवं तर. पण बाहेर युद्ध पेटलेलं असताना जर्मन आडनावाच्या माणसासाठी भाषणबाजी करायला छाती लागते.

आता डनेडिनचं पुढचं. फेब्रुवारी १९३१, प्रिव्ही कौन्सिल. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना ज्या खास न्यायाधिकरणाने फाशी दिली ते व्हाइसरॉयच्या वटहुकुमाने उभं राहिलेलं. आणीबाणी नसताना वटहुकूम काढला, असं वकील प्रिट यांचं म्हणणं. निकाल डनेडिनचा. आणीबाणी आहे की नाही हे ठरवणारा एकटा गव्हर्नर जनरल, कोर्टाने त्यात पडायचं नाही. अपिलाची परवानगीही नाकारली. २३ मार्चला फाशी झाली. १९१७ चा विचार आणि १९३१ चा विचार एकाच डोक्यातला आहे, हे दोन्ही वाचल्यावर लगेच कळतं.

शॉ तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. असता तर, वगैरे मी म्हणणार नाही. प्रिव्ही कौन्सिलमध्ये विरोधी मत छापतच नसत. राजाला एकमुखी सल्ला द्यायचा अशी रीत.

---

साताऱ्याचा_वकील

+१. आणि आपल्याकडे १९७६ च्या एडीएम जबलपूर निकालात (आणीबाणीत डांबलेल्यांना कोर्टात दाद मागता येते का, हा प्रश्न) बहुमताचे चौघे गेले ते डनेडिनच्याच वाटेने. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरोधात, शॉसारखे. त्या चौघांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते आणि २०१७ मध्ये तो निकाल पुसणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव.

---

गोदाकाठ

एक खटकतं ते लिहू का? शॉ चांगला, डनेडिन वाईट हे ठीक. पण औरंगाबादला एका मुलाला मांडीवर बसवलं की नाही, विधी झाला की नाही, हे ठरवायला डाउनिंग स्ट्रीटवरच्या खोलीत बसलेली मंडळी! हिंदू धर्मशास्त्र कशाशी खातात हे तरी ठाऊक होतं का त्यांना?

---

शनवारकर

खटकायलाच हवं. थोडी माहिती जोडतो. तिथे १९०९ पासून सय्यद अमीर अलींसारखे हिंदुस्थानातले न्यायाधीशही असत, त्यामुळे अगदीच अंधार नव्हता. बैठकही कोर्टासारखी नसे. न्यायाधीश साध्या सुटात टेबलाभोवती बसायचे, विग आणि झगा फक्त वकिलांना.

पण या खटल्यात धर्मशास्त्र फार नव्हतंच. प्रश्न होता तो विधी खरोखर झाला का, आणि जे 'झाला' म्हणतात त्यांच्यावर विश्वास ठेवायचा का. म्हणजे माणसं ओळखण्याचा प्रश्न. तिथे मुंबईतल्या दोन न्यायमूर्तींपेक्षा, ज्यांतले एक तर आपलेच नारायणराव चंदावरकर, सात समुद्रापलीकडच्या पाववाल्याच्या पोराने टिळकांचं जास्त नीट ऐकून घेतलं. चंदावरकर मवाळ, प्रार्थना समाजाचे, टिळकांशी त्यांचं कधी जमलं नाही. त्यामुळे त्यांनी तसा निकाल दिला असं मी म्हणत नाही. पण पुण्यात तेव्हा लोक म्हणत असणारच.

आणि जिंकून तरी काय. अंमलबजावणीची भांडणं पुढे चालूच. जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईला सरदारगृहात उतरले ते याच खटल्याच्या कामासाठी. तिथेच आजारी पडले, १ ऑगस्टला गेले. आजोबा हा भाग सांगताना तूप घ्यायचे नाहीत.

---

फाइफची_काकू

शनवारकर, आजोबांना हे सगळं इतकं बारकाईने कुठून माहीत? केसरीतून?

---

शनवारकर

काकू, हाच प्रश्न काल बाबांना फोनवर विचारला. बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "अरे, आजोबांचे वडील वकिलाकडे कारकून होते ना. नकला करायचे."

म्हटलं, टिळकांच्या वकिलाकडे?

"नाही. समोरच्या."

---

लालबावटा

बहुमताने ठरलं, हा धागा वर चिकटवून ठेवा. शनवारकर, पणजोबांची दप्तरं माळ्यावर असतील तर आधी वाळवी बघा.